करंडकाचे माहेर
वरिष्ठ राष्ट्रीय महिला फुटबॉल स्पर्धेची वाटचाल

मे २०२४ मध्ये कोलकात्याच्या मैदानावर मणिपूरच्या मुलींनी हरियाणाला हरवले आणि देशाचा महिला फुटबॉलचा करंडक इम्फाळला नेला. मणिपूरचे ते बाविसावे विजेतेपद. बाविसाव्यांदा जिंकणाऱ्यांना जिंकण्याचे नवल ते किती असणार? नवल वाटायला हवे होते आपल्याला, बुलढाणा जिल्ह्याच्या माणसांना. कारण त्या हंगामापासून या स्पर्धेला नवे नाव मिळाले होते : राजमाता जिजाबाई करंडक.

स्मरणिकेतला संस्थेचा इतिहास म्हटले की स्थापनेची सभा, पहिले अध्यक्ष, इमारत निधी आणि देणगीदारांची यादी असा एक ठरलेला साचा असतो. इथे लिहायचा इतिहास त्या साच्यात बसणारा नाही. ही संस्था म्हणजे एक स्पर्धा आहे. तिचे कार्यालय दिल्लीत, तिचे सर्वाधिक विजेते इम्फाळात आणि तिचे सामने कधी पंजाबात, कधी केरळात, कधी बस्तरच्या जंगलाला लागून. आपल्या जिल्ह्यात तिचे काय आहे, असे विचारले तर उत्तर एकच : माहेर. ज्या राजमातेचे नाव ती मिरवते, तिचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेड राजात, लखुजी जाधवरावांच्या वाड्यात झाला. लेक सासरी गेली की तिची ख्यालीखुशाली विचारणे हे माहेरच्यांचे काम. हा लेख त्या नात्याने लिहिला आहे.

नाव नसलेली स्पर्धा

भारतीय फुटबॉलमध्ये करंडकाला नाव देण्याची रीत जुनी आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघ १९३७ साली स्थापन झाला आणि पुरुषांची आंतरराज्य स्पर्धा १९४१ पासून सुरू झाली. तिचा करंडक ‘संतोष ट्रॉफी’ म्हणून घराघरांत पोहोचला. संतोष हे आजच्या बांगलादेशातल्या एका जमीनदारीचे गाव, तिथल्या महाराजांच्या स्मरणार्थ हा करंडक. कुमार गटाच्या मुलांच्या स्पर्धेला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांचे नाव मिळाले. म्हणजे पुरुष खेळाडूच्या तोंडी ‘संतोष खेळलो’, ‘बी. सी. रॉय खेळलो’ अशी दोन शब्दांची ओळख असे. ती सांगितली की समोरच्याला पुढचे सगळे कळे.

महिला खेळाडूला मात्र ‘सीनियर नॅशनल खेळले’ एवढेच सांगता येई. त्यावर समोरून प्रश्न यायचा, कसले सीनियर नॅशनल? मग ती सांगे, फुटबॉलचे. आणि मग समोरचा म्हणे, मुलींचे असते का फुटबॉल? तीन दशके स्पर्धा चालली, विजेते झाले, विजेत्यांना विसरलेही गेले. करंडक होता, पण निनावीच.

सुलतानपूरपासून कोझिकोडपर्यंत

ही निनावी वाटचाल महासंघाने सुरू केलेली नाही. महिलांसाठी वेगळी संघटना निघाली ती १९७५ मध्ये : विमेन्स फुटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया. बेगम हमीदा हबीबुल्ला तिच्या अध्यक्ष होत्या. त्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या सुलतानपूरला महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा भरली. सुलतानपूर हे काही फुटबॉलचे गाव नव्हे. पण जिथे मैदान देणारा माणूस भेटेल तिथे स्पर्धा, असा तो काळ होता. पुरुषांच्या महासंघाने तेव्हा या खेळाकडे पाठ फिरवली होती.

हे एकट्या भारतातच घडत होते असेही नाही. ज्या इंग्लंडने जगाला फुटबॉल दिला, तिथे १९२० च्या नाताळात डिक कर या कारखान्यातल्या कामगार मुलींचा सामना पाहायला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्क मैदानावर ५० हजारांहून अधिक माणसे जमली होती. वर्षभरातच, डिसेंबर १९२१ मध्ये, तिथल्या फुटबॉल संघटनेने बायकांच्या सामन्यांना आपल्या क्लबांची मैदाने बंद केली. खेळ बायकांना मानवत नाही, हे कारण. ही बंदी पन्नास वर्षे टिकली. १९७१ मध्ये इंग्लंडच्या महिलांचा पहिला बाद पद्धतीचा करंडक साउथॅम्प्टनने जिंकला. म्हणजे इंग्लंडमध्ये असा करंडक सुरू झाल्यानंतर अवघ्या चार वर्षांत सुलतानपूरला आपल्या मुली राज्याराज्यांचे सामने खेळत होत्या. उशीर आपल्याला झाला, पण तो जगाला जितका झाला तितकाच. आपण मागे पडलो ते नंतर.

त्या पहिल्या पिढीने मिळवलेले यश आज ऐकायलाही नवल वाटते. जानेवारी १९८० मध्ये आशियाई महिला स्पर्धा केरळातल्या कोझिकोडला झाली आणि भारताचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. चिनी तैपेईकडून २-० अशी हार पत्करून तो उपविजेता ठरला. १९८३ मध्ये बँकॉकला भारत पुन्हा अंतिम फेरीत होता. बंगालच्या शांती मल्लिक, कुंतला घोष दस्तीदार आणि गोव्याच्या योलांडा डिसोझा ही त्या काळची नावे. शांती मल्लिक यांना १९८३ मध्ये अर्जुन पुरस्कार मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. आशियात दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या या मुलींच्या प्रवासाची, जेवणाची आणि बुटांची व्यवस्था मात्र बहुतेक वेळा त्यांची त्यांनाच करावी लागे.

१९९१ : महासंघाच्या छपराखाली

नव्वदीच्या सुरुवातीला महिलांचा खेळ अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आला आणि १९९१-९२ च्या हंगामापासून महासंघाची वरिष्ठ राष्ट्रीय महिला स्पर्धा सुरू झाली. १९९१ हेच जागतिक महिला विश्वचषकाचेही पहिले वर्ष. चीनमध्ये झालेल्या त्या स्पर्धेत अमेरिकेने नॉर्वेला हरवले होते. जग महिला फुटबॉलची मोट बांधत होते, तेव्हा आपणही विहिरीच्या काठावर होतो.

पण मोट ओढायला बैल हवेत. १९९१-९२ ते २०२३-२४ या ३३ हंगामांत ही स्पर्धा २८ वेळा झाली. पाच वेळा झाली नाही. करोनाच्या वर्षी न होणे समजण्यासारखे आहे, पण बाकीच्या चार वर्षांना साथ नव्हती. ज्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा नाही, त्या वर्षी राज्याची निवड चाचणी नाही, जिल्ह्याचा संघ नाही आणि शाळेतल्या पोरीला सराव सुरू ठेवायला कारण नाही. अठरा वर्षांची खेळाडू वर्षभर थांबली की अनेकदा कायमचीच थांबते. कारण घरी स्थळे बघायला सुरुवात झालेली असते.

२००९ मध्ये तर भारताचा महिला संघ फिफाच्या क्रमवारीतूनच बाहेर पडला. दीड वर्षाहून अधिक काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न खेळलेल्या देशाला क्रमवारीत ठेवायचे कशाला, असा तो नियम. पुढे २०१० मध्ये दक्षिण आशियाई स्पर्धांचे सुवर्ण आणि कॉक्स बाजारला दक्षिण आशियाई फुटबॉलचे (सॅफ) पहिले विजेतेपद मिळाले आणि गाडी पुन्हा रुळावर आली. त्या पडत्या काळातही देशाला खेळाडू पुरवत राहिली ती हीच निनावी राष्ट्रीय स्पर्धा. २०१६-१७ मध्ये क्लबांची इंडियन विमेन्स लीग सुरू होईपर्यंत महिला फुटबॉलपटूला देशपातळीवर दिसण्याची खिडकी जवळपास ही एकच होती.

बाद होण्याचे गणित

लीगमध्ये एखादा दिवस वाईट गेला तर पुढच्या आठवड्यात भरून काढता येतो. करंडकाच्या स्पर्धेत ती सोय नसते. आधी ठिकठिकाणी गटांचे साखळी सामने, मग पुढे गेलेल्या संघांची अंतिम फेरी, तिच्यातून उपांत्य आणि अंतिम सामने, अशी अलीकडची रचना आहे. जून २०२३ मध्ये अमृतसरला झालेल्या अंतिम फेरीत १२ संघ होते, सहा-सहांचे दोन गट. विजेत्याला गटातले पाच, मग उपांत्य आणि अंतिम, असे सात सामने दोन-अडीच आठवड्यांत खेळावे लागले. तेही पंजाबच्या जून महिन्यात.

हे गणित बाहेरून साधे दिसते, पण संघ कुठला टिकणार हे त्यातच ठरते. सात सामने अकरा मुलींच्या पायांवर निघत नाहीत. पंधरावी, सोळावी मुलगीही पहिल्या अकरांच्या तोडीची लागते. म्हणजे ज्या राज्यात वीस चांगल्या खेळाडू आहेत ते राज्य शेवटपर्यंत जाते, आणि ज्याच्याकडे दोन असामान्य आणि बाकी कशाबशा जमवलेल्या आहेत ते गटातच बाद होते. एखादी हिरकणी असून भागत नाही, गड चढणाऱ्यांची रांग लागते.

बाद फेरीचा खरा कस पेनल्टीला लागतो. डिसेंबर २०२१ मध्ये कोझिकोडला मणिपूर आणि रेल्वे अंतिम सामन्यात समोरासमोर आले. पूर्ण वेळ गेला, गोल एकही नाही. पेनल्टीवर मणिपूरने २-१ असा सामना मारला. पेनल्टी शूटआउटमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून तीनच गोल झाले, यावरून त्या दिवशी पायांवर केवढे ओझे होते ते समजते. एकेचाळीस वर्षांपूर्वी याच कोझिकोडने भारताच्या मुलींना आशियाई अंतिम सामना खेळताना पाहिले होते.

मणिपूरचे राज्य

पहिल्या २८ स्पर्धांचा ताळेबंद असा : मणिपूर २२, पश्चिम बंगाल २, तमिळनाडू २, ओडिशा १, रेल्वे १. त्यापुढची, २०२४-२५ ची, स्पर्धाही मणिपूरनेच जिंकली. छत्तीसगडमधल्या नारायणपूरला, रामकृष्ण मिशन आश्रमाच्या मैदानावर, त्यांनी ओडिशाला १-० ने हरवले आणि विजेतेपदांची संख्या २३ वर नेली.

विदर्भातल्या एका जिल्ह्याहून लोकसंख्येने फार मोठे नसलेले हे राज्य. ते इतके कसे जिंकते? मणिपुरी रक्तातच फुटबॉल आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण रक्तात काही नसते, गावात असते. इम्फाळ खोऱ्यात वस्तीवस्तीला क्लब आहेत आणि त्या क्लबांत मुलींचे संघ आहेत. ईस्टर्न स्पोर्टिंग युनियनने फेब्रुवारी २०१७ मध्ये पहिली महिला लीग जिंकली, तो अशाच क्लबांपैकी एक. शिवाय बाईने चार माणसांत उभे राहण्याची तिथली परंपरा जुनी आहे. इम्फाळचा इमा कैथेल हा बाजार पिढ्यान् पिढ्या बायकाच चालवतात. १९३९ मध्ये तांदळाच्या निर्यातीविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, तो लढा नुपी लान म्हणून ओळखला जातो. अशा गावात मुलगी अर्धी चड्डी घालून मैदानावर गेली म्हणून भिंतीआडून कुणी बघत बसत नाही.

तरी वाट सरळ नव्हतीच. ओइनाम बेमबेम देवी लहानपणी मुलांबरोबर खेळायला मिळावे म्हणून मुलाचे नाव सांगून मैदानात शिरत. १९९५ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्या भारताकडून खेळल्या आणि पुढे वीस वर्षे खेळत राहिल्या. मणिपूर पोलिसांत त्यांना नोकरी मिळाली. २०१७ मध्ये अर्जुन आणि २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. पद्मश्री मिळालेल्या त्या देशातल्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. त्यांच्या मागून आलेल्या बाला देवी यांनी २०२० मध्ये ग्लासगोच्या रेंजर्स क्लबशी करार केला आणि युरोपात व्यावसायिक फुटबॉल खेळणारी पहिली भारतीय महिला हा मान मिळवला. बेमबेमला पाहून बाला आली आणि बालाला पाहून आणखी पन्नास जणी आल्या. त्या बावीस-तेवीस करंडकांमागचा कारखाना तो हा.

मे २०२३ पासून मणिपूर वांशिक हिंसाचारात होरपळले. घरे जळाली, माणसे छावण्यांत गेली, रस्ते बंद झाले. पुढच्याच वर्षी कोलकात्यात जिंकलेला करंडक त्या मुलींनी कोणत्या मनाने उचलला असेल, याची कल्पना आपण करायची. स्वराज्याच्या मातेचे नाव लिहिलेला तो पहिलाच करंडक होता आणि तो गेला घरादाराची राखरांगोळी पाहिलेल्या राज्यात. जिजाऊंचे वडील आणि भाऊ १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात दग्याने मारले गेले होते. माहेर उजाडणे म्हणजे काय, हे त्या नावाला अनोळखी नव्हते.

बाकीचे विजेते काय सांगतात

उरलेल्या विजेत्यांची यादी छोटी आहे, पण आपल्या उपयोगाची आहे. प्रत्येक नावामागे एक कारण सापडते आणि ते कारण पैशाने नाही तर व्यवस्थेने घडलेले असते.

ओडिशाने २०१०-११ मध्ये करंडक जिंकला. तिथे भुवनेश्वरला सरकारी क्रीडा वसतिगृह आहे. आदिवासी पाड्यातली बारा-तेरा वर्षांची मुलगी तिथे येते, राहते, शिकते, खेळते. तिच्या बापाला बुटांची चिंता करावी लागत नाही.

रेल्वेने २०१५-१६ मध्ये मणिपूरला थोपवले. रेल्वेचा संघ म्हणजे देशभरातून नोकरीवर घेतलेल्या खेळाडू. महिन्याचा पगार ठरलेला असला की पंचविशी-तिशीतही बाई खेळत राहते. करंडकाला हे कळले होते, बाकीच्या सरकारी खात्यांना ते उशिरा कळले.

तमिळनाडूने २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२२-२३ मध्ये बाजी मारली. या संघातली इंदुमती कदिरेशन कडलूरची. त्सुनामीने उद्ध्वस्त झालेल्या त्या किनाऱ्यावर एका प्रशिक्षकाने मुलींना गोळा करून शिकवले. इंदुमती पुढे तमिळनाडू पोलिसांत उपनिरीक्षक झाली. करोनाच्या टाळेबंदीत ती चेन्नईच्या रस्त्यावर गस्त घालत होती, आणि मैदाने उघडल्यावर पुन्हा खेळायला उभी राहिली.

हरियाणा लागोपाठ दोन वर्षे अंतिम फेरीत आला, २०२२-२३ मध्ये आणि २०२३-२४ मध्ये. हरला खरा, पण त्याची गोष्ट आपल्याला सर्वांत जवळची आहे. भिवानी जिल्ह्यात अलखपुरा नावाचे गाव आहे. शेती करणारे, आपल्या मेहकर-लोणारकडच्या कुठल्याही गावासारखे. तिथल्या सरकारी शाळेतल्या शारीरिक शिक्षणाच्या मास्तरांनी मुलींना गप्प बसवायला म्हणून एक जुना फुटबॉल दिला. मुली तो घेऊन तलावाकाठी खेळायला लागल्या. काही वर्षांत त्या शाळेने शालेय फुटबॉलचा सुब्रतो करंडक जिंकला, गावाचा क्लब राष्ट्रीय लीग खेळला आणि खेळाच्या जोरावर गावच्या अनेक मुली नोकरीला लागल्या. सुरुवातीची सारी गुंतवणूक म्हणजे एक चेंडू आणि रोज मैदानावर येणारा एक माणूस.

महाराष्ट्र, विदर्भ आणि आपण

महाराष्ट्राला फुटबॉल नवा नाही. मुंबईचा रोव्हर्स कप १८९१ चा. राज्याचा कारभार पाहणाऱ्या वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनचे घर मुंबईचे कूपरेज मैदान. कोल्हापुरात पेठापेठांच्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा दुकाने बंद पडतात. गडहिंग्लज तालुक्यातल्या बेकनाळ गावच्या अंजू तुरंबेकर यांनी महाराष्ट्राकडून खेळून पुढे प्रशिक्षणाची वाट धरली, आशियाई महासंघाचा ए परवाना मिळवला आणि राष्ट्रीय महासंघात तळागाळातल्या फुटबॉलचे काम सांभाळले. खेड्यातली मराठी मुलगी या खेळात कुठवर जाऊ शकते, याचा तो धडधडीत पुरावा.

मोठे सामनेही महाराष्ट्राने पाहिले. जानेवारी-फेब्रुवारी २०२२ मध्ये महिलांचा आशियाई चषक मुंबई, नवी मुंबई आणि पुण्यात झाला. यजमान भारताच्या छावणीत करोना शिरला, चिनी तैपेईविरुद्ध उभे करायला पुरेशा खेळाडू उरल्या नाहीत आणि संघ स्पर्धेतून बाहेर पडला. त्याच वर्षी ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना नवी मुंबईत झाला, त्यात स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवले.

विदर्भाने वेगळीच वाट काढली. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा शिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना चेंडू दिला, त्यातून स्लम सॉकर उभे राहिले. २०२२ च्या ‘झुंड’ चित्रपटामुळे ती गोष्ट घरोघरी पोहोचली. नागपूरच्या गल्लीत जे झाले ते बुलढाण्याच्या गल्लीत होणार नाही, असे कुठे लिहिले आहे?

आपल्या जिल्ह्यातल्या मुलीसमोरची वाट अशी आहे. शालेय स्पर्धेत तालुका, मग जिल्हा, मग अमरावती विभाग, मग राज्य. सुब्रतो करंडकात मुलींचा गट २०१२ पासून आहे. वय वाढले की जिल्हा संघटना, राज्याची निवड चाचणी आणि मग राजमाता जिजाबाई करंडक. कागदावर ही शिडी नीट उभी आहे. पायऱ्या मोडतात त्या दुसरीकडे. शालेय स्पर्धांचा हंगाम पावसाळ्याच्या आसपास, आणि आपल्याकडे काळी माती. सराव करायचा तर बुटाला पायलीभर चिखल घेऊन धावायचे. मुरूम टाकून दाबलेले मैदान तालुक्याला एखादे, त्यावर सकाळी भरतीची तयारी करणारी मुले आणि संध्याकाळी क्रिकेट. निवड चाचणी मुंबईकडे असली तर सिंदखेड राजा किंवा लोणारच्या मुलीला रेल्वेसाठी आधी जालना गाठायचे. समृद्धी महामार्ग सिंदखेड राजावरून जातो, पण एसटीने येणाऱ्या मुलीबरोबर घरचे कोण येणार, हा प्रश्न कोणताही महामार्ग सोडवत नाही.

तरीही हा जिल्हा खेळात कोरडा नाही. बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषकात कंपाउंड तिरंदाजीत जगातल्या अव्वल धनुर्धराला हरवून सुवर्ण मिळवले. तिरंदाजी काही आपल्याकडे घरोघरी चालणारा खेळ नव्हता. एक सरावाची जागा आणि शिकवणारा माणूस मिळाला, नेम लागायला लागला. शिकवणाऱ्यांचाही दुष्काळ नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि वऱ्हाडातल्या कितीतरी शाळांचे क्रीडा शिक्षक तिथूनच तयार होऊन आले आहेत.

नांगर

जिजाऊंचा आणि फुटबॉलचा संबंध काय, असे कुणी विचारले तर खोटे उत्तर देऊ नये. संबंध नाही. नाव देणाऱ्यांनी एका कर्तबगार आईचे नाव दिले, इतकेच. जिजामातेचे नाव आपण याआधीही खेळाला दिले आहे. बुलढाण्याचे जिजामाता प्रेक्षागार आहे, आणि राज्य शासनाच्या शिवछत्रपती क्रीडा पुरस्कारांत जिजामातेच्या नावाचाही पुरस्कार आहे.

पण परंपरेने सांगितलेली एक गोष्ट इथे आठवते. पुणे उजाड झाले होते. तिथे गाढवाचा नांगर फिरवला गेला होता, म्हणजे इथे पुन्हा कुणी वसायचे नाही असा शाप दिला गेला होता. जिजाऊ बाळ शिवाजीला घेऊन आल्या आणि त्यांनी त्याच जमिनीत सोन्याचा नांगर धरवला. सोने दाखवण्यासाठी नव्हते, भीती घालवण्यासाठी होते. त्यानंतर खरे काम सुरू झाले. रयतेला परत बोलावणे, बी-बियाणे देणे, लांडग्यांचा बंदोबस्त करणे. सोन्याचा नांगर एक दिवस फिरला, लाकडाचा पुढे रोज फिरत राहिला.

महिला फुटबॉलची जमीनही अशीच पडीक होती आणि तिच्यावरही ‘मुलींचे काम नव्हे’ असा शाप होता. २०२३-२४ मध्ये तिला राजमातेचे नाव मिळाले, तो सोन्याचा नांगर. मणिपूरच्या क्लबांनी, भुवनेश्वरच्या वसतिगृहाने, रेल्वेच्या नोकऱ्यांनी, अलखपुऱ्याच्या मास्तरांनी चालवला तो लाकडाचा. जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी चियांग माईला थायलंडला २-१ ने हरवून आशियाई चषकात पात्रता मिळवली. पात्रता फेरी खेळून तिथे पोहोचण्याची ती पहिलीच वेळ. दोन्ही गोल बंगालच्या संगीता बासफोरचे. ते पीक या लाकडी नांगराचे.

माहेरच्या माणसांनी लेकीच्या नावाचा नुसता अभिमान बाळगला तर ते दर १२ जानेवारीला होतेच. त्या दिवशी सिंदखेडात लाखो माणसे येतात, राजवाड्यासमोर माथा टेकतात, परततात. तेराच्या तेरा तालुक्यांत प्रत्येकी एका शाळेने जरी पटांगणाच्या दोन टोकांना गोलचे खांब रोवले, चुन्याची फक्की मारून रेषा आखल्या आणि मुलींच्या नावावर एक चेंडू काढून ठेवला, तरी या जिल्ह्याचा इतिहास लिहायला पुढच्या स्मरणिकेत जागा लागेल. त्या मुलींपैकी एखादी कधीतरी महाराष्ट्राच्या जर्सीत हा करंडक खेळायला जाईल. तिथे कुणी विचारले, गाव कुठले, तर तिला सांगता येईल : करंडकावर जिचे नाव आहे, तिचे माहेर.